झंझासुराची तिसरी शिंक

१ जानेवारी २०२६, गुरुवार

माझ्या चित्रकथेवर टीव्ही मालिका करणाऱ्या सौम्या मॅडमचा बेंगळूरहून सकाळी फोन आला. मालिका परवापासून सुरू. शनिवार-रविवार, संध्याकाळी सात वाजता, एकूण आठ भाग. प्रत्येक भाग बघून 'मूळ चित्रकाराची पहिली प्रतिक्रिया' चार ओळींत लिहून पाठवायची. मी म्हटलं पाठवतो. चार ओळी त्यांना, बाकीचं इथं. ह्या वहीला चंदना हात लावत नाही. तुमचं अक्षर लागत नाही म्हणते. सदतीस वर्षं निपाणीच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो मी, अक्षर चांगलं टपोरं आहे. पण बायकोशी कोण वाद घालणार.

तर खरं काय ते लिहून टाकतो. अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव सालात मी 'तेजबाहू' नावाची चित्रकथा काढली. अकरा अंक निघाले. तेजबाहूची शक्ती सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतच. आम्ही जैन, घरात दिवस मावळला की कुणी जेवत नाही, तेच मी त्याला लावलं. दिवेलागणीनंतर तो जेवत नाही आणि लढतही नाही. त्याचा वैरी झंझासुर. हा शिंकला की वादळ येतं. नेहमी तीन शिंका. दोन झाल्या की एक बोट वर करतो, म्हणतो, "थांबा, अजून एक राहिलीय," आणि तिसरीला गावाची कौलं उडतात.

आता तपकीर ओढून बरोबर तीन शिंका देणारा आणि दुसरीनंतर बोट वर करून सगळ्यांना ताटकळत ठेवणारा माणूस निपाणीत एकच आहे. मारुती. गल्लीत चार घरं सोडून राहतो, तंबाखूच्या वखारीत मुकादम होता, पन्नास वर्षांपासूनचा माझा दोस्त. नाक त्याचं, कान त्याचे, पाठीवर हात बांधून चालायची तऱ्हा त्याची. झंझासुर म्हणजे मारुती, आणि हे जगात मला एकट्याला ठाऊक आहे. मारुतीची समजूत अशी की तेजबाहू म्हणजे तो. अडतीस वर्षं गावभर हेच सांगत फिरतोय. मीही कधी नाही म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

कागदावर होतं तोवर निभावलं. मारुतीला वाचायचा कंटाळा, चित्रंसुद्धा घाईत बघतो. पण आता झंझासुर टीव्हीवर चालणार, बोलणार, शिंकणार. मारुतीनं ओळखलं तर झालंच. सहासष्टाव्या वर्षी मी नवा दोस्त कुठून आणू?

२ जानेवारी

मारुतीला राक्षस करायला कारण होतं, तेही लिहितो. सत्याऐंशी साली मी तेजबाहूचा पहिलावहिला अंक काढला होता. चोवीस पानं, रंगीत शाईत, रात्रंदिवस बसून. त्यात झंझासुर नव्हता. मारुती वखारीच्या ट्रकबरोबर कोल्हापूरला चालला होता, म्हणून गठ्ठा त्याच्याकडे दिला, छापखान्यात पोचव म्हटलं. संध्याकाळी आला तो हात हलवत. "कुठंतरी इसरलो रं. लई हुडकलं, घावला न्हाय."

चार महिने मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच रागात बसून नवा अंक काढला, झंझासुर घातला, आणि तो त्याच छापखान्यानं लगेच छापला. पुढं मारुतीच स्टँडवर उभा राहून अंक खपवायला लागला, तेव्हा कसलं बोलणं आणि कसलं काय. पण जुना गठ्ठा मनातून गेला नाही. गेल्या वर्षी मुलाखतीत मी हे सौम्या मॅडमना सांगून बसलो. नाव नाही घेतलं, 'एका मित्रानं' म्हटलं. 'मत्सरानं मुद्दाम टाकला असेल' असंही म्हणून गेलो. पोरगी इतकं मन लावून ऐकते की माणूस वाहवत जातो.

३ जानेवारी, शनिवार

पहिला भाग. मारुतीनं अंगणात गणपती मंडळाच्या वीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि टीव्ही उंबऱ्यात आणून ठेवला होता. चंदना आणि मी साडेपाचला जेवून गेलो. मला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, शेजारी मारुती, कडक इस्त्रीचा सदरा घालून.

मालिका मूळ कन्नडमध्ये आहे, आम्ही बघतोय ती मराठी आवाज घातलेली. तेजबाहूचं काम करणारा मुलगा देखणा आहे, पण बोलतो असा की जणू पुण्याच्या वक्तृत्व स्पर्धेत उभा आहे. "मी हा अन्याय कदापि सहन करणार नाही." इथंवर ठीक. वीस मिनिटं झाली असतील, तर हा बाबा रात्रीचा ढाब्यावर बसून कोंबडीची तंगडी तोडताना दाखवला. रात्री! कोंबडी! चंदनानं माझ्याकडे असं बघितलं की मीच खाल्ली.

"तुमचाच ना हा?" म्हणाली.

"माझा नव्हे, बेंगळूरचा," मी म्हटलं.

मारुती म्हणाला, "ऱ्हाऊ दे की मास्तर. तेजबाहू म्हंजे मी. मग कोंबडी खाणारच." अंगण हसलं. मीही हसलो, काय करणार.

शेवटी 'पुढच्या भागांत' म्हणून थोडं थोडं दाखवलं. त्यात एक नदी आणि पूल होता. मारुती एकदम म्हणाला, "पूल कशाला दाखवला रं?" मी म्हटलं असेल कायतरी. "कुठली नदी म्हणायची ती?" म्हटलं नदी ती नदी, तुला भूगोलाचा पेपर द्यायचाय का? तो तांब्याभर पाणी प्यायला. मालिकेच्या नादानं माणसं कशी लहान पोरं होतात.

सौम्या मॅडमना पाठवलं: "भव्य निर्मिती. हार्दिक अभिनंदन. तेजबाहू मांसाहारी नाही. कृपया नोंद घ्यावी."

४ जानेवारी, रविवार

दुसरा भाग. झंझासुराचा चेहरा दाखवला नाही. अंधारी गुहा, पाठमोरा माणूस, पाठीवर बांधलेले हात. दोन शिंका. मग भिंतीवर एका बोटाची सावली वर गेली आणि भाग संपला. मारुतीकडे तिरकं बघितलं, तर तो आपला जांभई देत होता. "ह्येला सर्दी झालीया," एवढंच म्हणाला. पुढच्या शनिवारी चेहरा दिसणार.

८ जानेवारी

तोड सापडली. क्षमा, आमची मुलगी, बेळगावात टिळकवाडीत राहते. शनिवारी मारुतीला घेऊन तिच्याकडे जायचं. कुंदा खायचा, गप्पा मारायच्या, सात वाजता त्याला फिरायला बाहेर काढायचा. तिसरा भाग असाच जाईल. मारुतीला विचारलं तर एका शब्दात तयार. "चल. शनवारी हितं नसल्यालं बरं," म्हणाला. मी इतक्या सफाईनं बोललो की त्याला संशयसुद्धा आला नाही.

चंदना म्हणाली, मीपण येते. तिला काही सांगितलेलं नाही.

१० जानेवारी, शनिवार. टिळकवाडी

सगळा घोळ झाला. क्षमानं आम्हाला चकित करायचं ठरवलेलं. सहा वाजता अपार्टमेंटच्या खालच्या हॉलमध्ये नेलं तर पन्नास-साठ माणसं, वकील, बँकवाले, प्राध्यापक, भिंतीवर भलामोठा पडदा, आणि फलक: 'मूळ चित्रकार श्री. कलगोंडा यांचे स्वागत'. "आप्पा, कसं वाटलं?" म्हणते. फार छान वाटलं म्हटलं. मला आणि मारुतीला अगदी पुढच्या सोफ्यावर बसवलं, दोघांच्या हातात एकेक गुच्छ. सोफा इतका खोल की कुणीतरी हात दिल्याशिवाय उठता येईना.

झंझासुर आला. नाक मारुतीचं. कान तर मी काढले त्याहून मोठे. आणि मग तो बोलला. अहो, तो आपल्यासारखा बोलतो! तेजबाहू म्हणाला, "थांब, नराधमा." हा म्हणतो, "का रं बाबा, तुझं काय काढून घेतलं?" हॉलमधली सगळी माणसं खदखदून हसली. मुंबईच्या आवाजवाल्यांनी चांगल्याला पुस्तकी मराठी दिली आणि वाईटाला आमची. क्षमाची एक कानडी शेजारीण म्हणाली, कन्नडमध्येपण तेच केलंय, हीरो बेंगळूरचा आणि राक्षस आपल्या चिक्कोडीकडचा. चंदना म्हणाली, "आपल्यागत बोलणारा एकच आहे, आणि तोच राक्षस होय?"

दोन शिंका झाल्या. बोट वर गेलं. "थांबा रं, आजून एक ऱ्हायलीया." तिसऱ्या शिंकेला निम्मं गाव उडालं आणि हॉलमध्ये टाळ्या.

एवढ्यात, त्या गुच्छातल्या फुलांनी असेल, माझ्या शेजारी मारुती शिंकला. मी डोळे मिटले. दुसरी शिंक आली. डोळे उघडून बघतो तर मारुतीचं बोट वर, आणि सगळ्या हॉलच्या माना पडद्यावरून मारुतीकडे, मारुतीवरून पडद्याकडे. मारुतीनं सगळ्यांकडे बघितलं. बोट हळूच खाली घेतलं आणि तिसरी शिंक गिळली. पन्नास वर्षांत त्यानं तिसरी शिंक गिळलेली मी बघितली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, चेहरा बीटासारखा लाल झाला.

"काका, नक्कल किती छान करता," मागची एक बाई म्हणाली.

मारुती म्हणाला, "सवय हाय."

नंतर कुंदा चांगला दोन वाट्या खाल्ला त्यानं. म्हणजे अजून कळलेलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर माझ्या घशाखाली घास उतरला नसता.

११ जानेवारी, रविवार

दुपारी बसनं निपाणीला परत. चौथा भाग अंगणात. आज वीस खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक कट्ट्यावर बसले. सगळी गल्ली झंझासुराच्या बाजूनं. तो आला की शिट्ट्या, तेजबाहू आला की "बस खाली." मारुती मात्र आज दाराजवळच्या कोपऱ्यात.

मध्येच बालपण दाखवलं. माझ्या अकरा अंकांत असलं काही नाही, हे त्यांनी घुसडलंय. तेजबाहू आणि झंझासुर म्हणे लहानपणचे मित्र. तेजबाहूनं एक ग्रंथ लिहिलेला असतो, तो मित्राच्या हाती देऊन गुरूकडे पाठवतो, आणि हा मत्सरानं पुलावर उभा राहून तो नदीत टाकतो. संगीत जोरात, पानं पाण्यावर पसरलेली. मारुती उठला, आत गेला आणि बाहेर आलाच नाही. लोकांना वाटलं त्याला रडू आलं.

मला मात्र चटकन उमगलं. नाक बघून नाही ओळखलं, शिंक बघून नाही ओळखलं, पण मित्राचं लिखाण हरवलं म्हटल्यावर पेटला डोक्यात दिवा. कळलं त्याला झंझासुर कोण ते. ती मुलाखत मी कुठल्या अवदसेनं दिली?

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ घेऊन गेलो. दारात त्याची नात आरोही. "आजोबा झोपलेत," म्हणाली. सकाळचे दहा वाजले होते. आतून त्याचा खाकरल्याचा आवाज आला. तीळगूळ तिच्या हातावर ठेवला आणि परत आलो.

तीन दिवस मारुती कट्ट्यावर आलेला नाही. तिकडं गाव नुसतं खुळावलंय. शाळेतली पोरं दोन शिंका देतात, बोट वर करतात, बाई बिचाऱ्या तिसरीची वाट बघत खडू धरून उभ्या. पानपट्टीवाला गिऱ्हाइकाला म्हणतो, थांबा रं, आजून एक ऱ्हायलीया. अख्खी निपाणी ज्याच्यावर खूश आहे तो माणूस दार लावून बसलाय. चहा एकट्यानं पितो, तर चहाला चवच नाही. फार वाईट वाटतंय. एवढंच लिहितो.

१६ जानेवारी

चंदनाला सगळं सांगितलं. झंझासुर मारुती आहे हे ऐकून ती चकित होईल असं वाटलं होतं. ती मेथी निवडत होती, निवडतच राहिली.

"मग जा आणि त्यांना सांगा," म्हणाली.

"काय सांगू?"

"जे आहे ते. तुम्ही चार महिने अबोला धरला होता ना, तेव्हा रोज सकाळी वखारीला जाताना ते आपल्या दाराशी थांबायचे. तुम्ही माडीवर. मला विचारायचे, वैनी, काढतोय न्हवं? मी म्हणायची, काढताहेत. मग जायचे."

"हे मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही त्यांचं नाव काढू देत होता का?"

मारुतीला माझ्या चित्रांची चौकशी कशाला पाहिजे होती कोण जाणे. गठ्ठा हरवल्याची टोचणी असेल.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी आठलाच गेलो. आरोही "आजोबा..." म्हणतेय तोवर मी तिच्या बाजूनं आत शिरून थेट परसात. मारुती दगडावर बसून दात घासत होता. तोंडात मिशेरी, म्हणजे पळून जायची सोय नाही.

मी उभ्याउभ्याच बोललो. "मारुती, झंझासुर तू आहेस. मीच केलाय. रागात केला, चुकलं माझं."

त्यानं चूळ भरली. "त्ये व्हय? त्ये पयल्याच अंकापासनं म्हाईत हाय मला. पान चार. माझा जुना सदरा बी काढलायस, खांद्याला फाटल्याला."

मी खाली बसलो. "मग तेजबाहू मी, तेजबाहू मी, असं अडतीस वर्षं का बोंबलत होतास?"

"आरं, मी आधीच तसं सांगून टाकलं की कोण झंझासुराकडं बघतंय? न्हायतर लोक म्हणाले असते, मास्तर शाळंत पोरं शिकवतोय आन दोस्ताचं असलं चित्र काढतोय. तुझी नोकरी नवी हुती."

"मग आता दार लावून का बसलास?"

त्यानं तांब्या बाजूला ठेवला आणि म्हणाला, "तुला कवा कळलं?"

"काय?"

"पुलाचं."

"कसल्या पुलाचं?"

"कलगोंडा, आता कशाला खेळवतोस. टीव्हीवर समद्या गावाला दाखवलंस की. कोगनोळी सोडली की दूधगंगेचा पूल लागतो. तितनंच टाकला मी तुझा गठ्ठा. पर मत्सर न्हवता रं. आईच्यान न्हवता."

मी म्हटलं, पूल त्या बेंगळूरच्या पोरीनं मनानं घातलाय, मला आत्ता तुझ्या तोंडून कळतंय. मारुतीचं तोंड उघडंच राहिलं. आठवडाभर कोंडून घेतलं आणि शेवटी स्वतःच सांगून बसला. मग सगळंच सांगितलं. छापखान्यात गठ्ठा बरोबर पोचवला होता त्यानं. मालकानं आठ पानं उलटली आणि आतल्या माणसाला हाक मारून बोलावलं, दोघं हसत सुटले. "ह्यो हीरो नुसता बोलतोय, लढणार कवा? मास्तरला म्हणावं शाळा बघ," असं म्हणाले.

"मला काय त्ये तुला येऊन सांगवंना," मारुती म्हणाला. "गठ्ठा माघारी आणला असता तर तू इचारलंच असतंस, काय म्हणाले. म्हणून टाकला. इसरलो म्हटलं. तू माझ्यावर चिडलास, चालतंय. तू कागूद-पेन्शील माळ्यावर टाकली असतीस तर त्ये चाललं नसतं."

मला राग यायला हवा होता आणि आलाही. पण आधी तोंडातून निघालं ते भलतंच. "चोवीस पानं नुसता बोलत नव्हता. शेवटी पूर थांबवतो की."

"हात जोडून उपदेश करून थांबवतो रं. पूर बी कट्टाळून गेला असंल."

मी हसायला लागलो आणि हसता हसता रडायलाच लागलो, सहासष्ट वर्षांचा घोडा. मारुतीनं पाठीवर ओला हात ठेवला, अंगरख्यावर मिशेरीचे डाग पडले. चार महिने मी ह्या माणसाचं तोंड बघितलं नव्हतं आणि हा रोज दाराशी येऊन मी काढतोय का विचारत होता. मी गाढव आहे. चित्रकार बरा असेन.

घरी येऊन चंदनाला म्हटलं, त्या हरवलेल्या पहिल्या अंकात तेजबाहू जरा जास्त बोलत होता का? ती म्हणाली, "सहाव्या पानावर मला झोप लागली होती."

संध्याकाळी पाचवा भाग. मारुती पुन्हा पहिल्या रांगेत. मध्यंतरात उभं राहून त्यानं स्वतःच गल्लीला सांगितलं की तेजबाहू वगैरे काही नाही, झंझासुर म्हणजे मी, मास्तरला विचारा. मी हो म्हटलं. कुणालाही नवल वाटलं नाही. पानपट्टीवाला म्हणाला, आम्हाला वाटलं तुम्हा दोघांनाच ठाऊक नाही. मग लोकांनी आग्रहच धरला. मारुतीनं चिमूटभर तपकीर ओढली, दोन शिंका दिल्या, बोट वर केलं, आणि चाळीस माणसं श्वास रोखून बसली. तिसरी अशी दिली की उंबऱ्यातला टीव्ही हादरला.

१८ जानेवारी, रविवार

सौम्या मॅडमचा सकाळी निरोप: पोस्टरसाठी तेजबाहूचं एक ताजं चित्र हवं, तुमच्या हातचं, खाली सही. अंघोळ करून खिडकीत बसलो. चेहरा काही जमेना. एक काढला तो किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरच्या देवासारखा, दुसरा आमच्या हेडमास्तरांसारखा. जुने अंक काढून बघितलं तर अकरा अंकांत तेजबाहूचे अकरा चेहरे. हे आजवर कुणी मला सांगितलं नाही, मलाही दिसलं नाही. चार कागद फुकट गेले.

हात मोकळा व्हावा म्हणून सहज झंझासुर काढायला घेतला. समोर अंक नाही, फोटो नाही, चष्मा कपाळावरच राहिलेला. नाक, कान, खांद्याला फाटलेला सदरा, वर केलेलं बोट. दहा मिनिटं लागली असतील. खोडरबर हातात घ्यावंच लागलं नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की तेजबाहूचे अंक काढतोय.

हेच पाठवणार. आधी मारुतीला दाखवून येतो. कान लई मोठे काढलेस म्हणेल, पण आहेतच त्याचे मोठे.